अर्ध्याचे अर्धे

अंबत्तूरला एखादे यंत्र मोडले तर ते शेजाऱ्यालाही कळते. १९४९ साली सुरू झालेला टी. आय. सायकल्सचा कारखाना आणि १९६० च्या दशकात तेव्हाच्या मद्रास सरकारने वसविलेली औद्योगिक वसाहत यांच्या सहवासात या गावाचा कान तयार झाला आहे. पट्टा तुटला तर चाबूक ओढल्यासारखा आवाज होतो. बेअरिंग जायचे असेल तर ते आठ दिवस आधीपासून कण्हू लागते. पट्टरवाक्कम स्टेशनावर उतरून वसाहतीतून चालत निघावे. आज तेथे काचेच्या इमारती पुष्कळ झाल्या आहेत, परंतु त्यांच्या मागच्या गल्ल्यांतून अजून लेथ फिरतात. लेथचा सूर किंचित बदलला, की मिस्त्री हातातला चहाचा पेला खाली ठेवतो. काय बिघडले ते त्याला पाहण्याआधीच कळलेले असते.

मी ज्या यंत्राविषयी लिहीत आहे ते मात्र मोडताना कसलाच आवाज करीत नाही. पडद्यावरचे चित्र थबकते. बाणाच्या जागी एक चक्र फिरू लागते. खिडकी पांढुरकी पडते आणि मग एक लहानशी चौकट पुढे येऊन कळविते, की हा प्रोग्राम अनपेक्षितपणे बंद पडला आहे. ‘अनपेक्षितपणे’ हा शब्द पहिल्या दिवशी खरा असतो. एकाच दिवसात अकराव्यांदा तो वाचताना मात्र सरकारी पत्रातील ‘तातडीचे’ या शब्दाची आठवण होते. चित्रफितींचे संकलन करण्याचा हा प्रोग्राम कोणत्या कंपनीचा हे मी सांगत नाही. त्याच्या इतर भावंडांचीही या बाबतीत कीर्ती फारशी निराळी नाही.

हिशेबतपासणीत आयुष्य घालविलेल्या माणसाने चित्रफितींच्या भानगडीत का पडावे, हा प्रश्न रास्त आहे. माझी बदली आवडीला झाली. (घरी हे कळविले तेव्हा वडील म्हणाले, ‘नावात तरी आवड आहे.’) राहायला जागा मिळाली ती अंबत्तूरला, एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर. खालच्या मजल्यावरचे कुटुंब तमिळ असावे असे पहिले आठ दिवस मी समजत होतो. नवव्या दिवशी खालून एक वाटी वर आली. आत दह्यात कालवलेले उडदाच्या पिठाचे काही होते, आणि वाटी आणणारे गृहस्थ म्हणाले, ‘डांगर पचडी.’ डांगर! चेन्नईच्या उपनगरात, दाक्षिणात्य वळणाच्या तोंडून हा शब्द ऐकताना मला माझी आजी आठवली. हे घर तंजावरी मराठ्यांचे होते.

दक्षिणेत नेमणुकीवर राहून गेलेल्या वाचकांपैकी पुष्कळांना हा अनुभव आला असेल. व्यंकोजीराजांच्या आणि त्यांच्या वंशजांच्या काळी कावेरीकाठी गेलेली ही माणसे. १८५५ मध्ये राज्य खालसा झाले, दरबार उठला, घरे कुंभकोणम्, मद्रास, बेंगळूर अशी पांगली. परंतु घरातली भाषा राहिली. तिच्यात तमिळ शब्द मोकळेपणाने येतात, आणि मधूनच एखादे असे जुने रूप कानी पडते, की ते आपण केवळ पोथीत पाहिलेले असावे. त्या घरातील चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी मला म्हणाल्या होत्या, ‘तुमची मराठी पुस्तकातली, आमची सैपाकघरातली.’ गल्लीतले सारे त्यांना ‘पाटी’ म्हणत. तमिळमध्ये आजीला पाटी म्हणतात. परमुलखात चाकरी करणाऱ्या आपणा सर्वांचे मूळपुरुष म्हणून मी सर टी. माधवरावांचे नाव घेत असे. १८२८ साली कुंभकोणमला जन्मलेला हा तंजावरी मराठी माणूस त्रावणकोरचा दिवाण झाला, नंतर इंदूरला होळकरांकडे गेला आणि १८७५ पासून १८८२ पर्यंत बडोद्याचा कारभार त्याने पाहिला. आजी त्यांच्याविषयी अशा बोलत, की जणू ते आताच पायऱ्या उतरून गेले आहेत.

आजींची एक नात परदेशी आहे. तिला ही भाषा समजते, बोलता येत नाही. तिच्याचसाठी आजींचे बोलणे टिपून ठेवावे असे त्यांच्या चिरंजिवांच्या मनात आले, आणि २०२३ च्या सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत, रविवारच्या सकाळी, आम्ही ते टिपले. काही माझ्या कॅमेऱ्याने, काही त्यांच्या फोनने. एकूण ३१२ तुकडे आणि नऊ तास वीस मिनिटे. त्यात पाककृती होत्या, सासरच्या तक्रारी होत्या, सोहळ्याच्या विधींवरून मुलाशी घातलेला वाद होता. आणि नोव्हेंबरातल्या एका सकाळी, कोणी काही विचारले नसताना, आजी तंजावरच्या पश्चिमेकडच्या राजवीथीवरील आपल्या माहेरच्या घराविषयी सलग तेरा मिनिटे बोलल्या. त्या आधी असे कधी बोलल्या नव्हत्या, असे मुलाने मला जिन्यात सांगितले.

डिसेंबरात मिचौंग चक्रीवादळ आले. अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत पाणी भरले, आणि आमच्या गल्लीतही खालच्या मजल्यावर गुडघाभर चढले. इतर सामानाबरोबर मुलाचा तो फोनही गेला. त्यातले सारे टिपण आधीच माझ्याकडच्या डिस्कवर उतरविलेले होते, आणि डिस्क वरच्या मजल्यावर होती. पुढे २०२४ च्या एप्रिलमध्ये आजींना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजते सगळे; बोलता येत नाही. मे महिन्यात मुलगा वर आला आणि एवढेच म्हणाला, ‘ती चित्रफीत आता पुरी करा. तिला ऐकू येते.’

तोवर सवडीचे असलेले काम असे एकाएकी तातडीचे झाले, आणि त्याच आठवड्यात प्रोग्राम बंद पडू लागला.

उचकी लागलेल्या माणसाला जसा प्रत्येक जण निराळा उपाय सांगतो, तसे या दुखण्याचे आहे. एकाने सांगितले, की प्रोग्राम आपल्या सोयीसाठी जी तात्पुरती टाचणे साठवून ठेवतो ती सगळी पुसून टाका. दुसऱ्याने चित्रपटलाचे काम पाहणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचे नियंत्रक सॉफ्टवेअर बदलायला लावले. तिसऱ्याने तेच बदललेले पुन्हा जुने करायला लावले. संगणकाची स्मृती आठ गिगाबाइटांची सोळा केली. मे महिना म्हणजे येथला ‘अग्नि नक्षत्रम्’. त्या दिवसांत दुपारी खोलीतला पंखा गरम हवाच खाली लोटत असतो. संगणकाचा मेंदू शंभर अंशांच्या आसपास तापला, की स्वतःच आपली गती आवरतो, ही माहिती मला त्या निमित्ताने झाली, आणि मी काम पहाटे साडेचारला सुरू करू लागलो. विजेची गोष्ट वेगळीच. ‘ईबी’चा देखभालीचा दिवस आधी जाहीर होतो, तो पाळता येतो, परंतु पावसाच्या पहिल्या थेंबाबरोबर जी क्षणभर जाते आणि येते, तिच्यासाठी बॅटरीचा ठोकळा घ्यावा लागला. या प्रत्येक उपायाने थोडा गुण आला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दिवसाला अकरा वेळा बंद पडणारा प्रोग्राम चार वेळांवर आला. तेथे मात्र तो अडून बसला.

माझे खरे गुरू या काळात भेटले. ओ. टी.च्या बसस्थानकाजवळ लग्नाच्या चित्रफिती करून देण्याचे एक दुकान आहे. तेथे संकलनाचे काम करणारा पंचविशीचा तरुण. तै महिन्यात त्याला जेवायला फुरसत नसते. परंतु जुलैच्या मध्याला आडी महिना लागला की तमिळ घरांतून लग्ने होत नाहीत, आणि तो मोकळा असतो. आडीत तो माझ्याकडे येऊ लागला. तो मला ‘सार’ म्हणे आणि मी त्याला ‘तंबी’. त्याचे इंग्रजी माझ्या तमिळइतकेच होते. पण आमचे अडले नाही. त्याच्या डाव्या हाताची करंगळी आणि तर्जनी दर अर्ध्या मिनिटाला आपोआप ‘जतन करा’च्या दोन कळा दाबीत. उजव्या हाताने तो कॉफीचा टंबळर उचलीत असला तरी डावा हात आपले काम करी. त्याला विचारले, तर आपण असे करतो हेच त्याच्या लक्षात नव्हते. मला ती वारकऱ्याच्या बोटांतल्या माळेसारखी वाटली.

त्यानेच मला पहिल्यांदा समजावून दिले, की बंद पडण्यात नेमके काय हरवते. संकलनाचा प्रोग्राम मूळ चित्रणाला हात लावीत नाही. तो फक्त एक यादी ठेवतो: अमुक तुकडा अमुक क्षणापासून अमुक क्षणापर्यंत दाखवावा, मग तमुक. हे ऐकताच मला सरकारी फाइल दिसली. एका बाजूला पत्रव्यवहार, दुसऱ्या बाजूला टिपणी. प्रोग्राम कोसळतो तेव्हा टिपणीची बाजू फाटते. पत्रव्यवहार शाबूत असतो. ज्याने कचेरीत गहाळ झालेली टिपणी पत्रव्यवहारावरून पुन्हा उभी केली आहे, त्याला यात घाबरण्यासारखे काही नाही. फक्त टिपणीची प्रत वरचेवर, निराळ्या नावाने, निराळ्या जागी ठेवावी. आपल्या कचेऱ्यांतील ‘तीन प्रतींत सादर करावे’ या वाक्याची आपण सगळ्यांनी थट्टा केली आहे. आज संगणकशास्त्रातील जाणते लोक तोच नियम सांगतात: तीन प्रती, दोन जातींच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी. तंजावरच्या सरस्वती महालात ताडपत्रे जीर्ण होण्याआधी ती उतरवून काढणारे लेखनिक काही वेगळे करीत नव्हते. सरफोजीराजांनी तर १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरवूनच ठेवला. ती प्रत पुरात जात नाही.

परंतु यादी राखली म्हणजे रोग गेला नाही. रोगाचे मूळ कळायला मला एक साधा गुणाकार करावा लागला. चित्रफितीतील एका चित्रात, आज सामान्य मानलेल्या आकारात, आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. प्रत्येकाला तीन रंगांचे तीन बाइट. एका चित्राचे झाले सुमारे ६२ लाख. सेकंदाला २५ चित्रे धरली तर साडेपंधरा कोटी बाइट आणि तासाला सुमारे ५६० गिगाबाइट. एवढे ओझे फोनच्या खिशात मावणार नाही. फोनमध्ये तासाभराचे चित्रण सात-आठ गिगाबाइटांत बसते, ते कसे?

ते बसते आपल्या रोजकीर्दीच्या युक्तीने. २००३ मध्ये ठरलेल्या आणि फोनमधून अजूनही सर्वत्र चालणाऱ्या एच. २६४ या पद्धतीत प्रत्येक चित्र पूर्ण लिहीत नाहीत. एक चित्र संपूर्ण लिहायचे, जणू आरंभीची शिल्लक. आणि त्यानंतरच्या चित्रांत मागच्याहून काय बदलले तेवढीच नोंद. आजी बोलतात तेव्हा ओठ हलतात, भिंत हलत नाही. मग भिंत पुन्हा का लिहावी? विचार सुरेख आहे. परंतु मधल्याच एखाद्या क्षणाचे चित्र पाहायचे असेल, तर मागच्या शिल्लकेपासून प्रत्येक जमाखर्च करीत तेथवर यावे लागते. शिवाय काही नोंदी पुढच्या पानावरील नोंदीचा हवाला देतात, हे जेव्हा मला कळले, तेव्हा माझ्यातला लेखापरीक्षक खुर्चीतून उठला. असे खातेवही ठेवणाऱ्या कारकुनाला मी कधी बढती दिली नसती! त्यातच फोन उजेड कमी झाला की सेकंदाला चित्रेही कमी घेतो, म्हणजे पानावरच्या ओळींची संख्याही ठरलेली नाही. संकलन करणारा माणूस सारखा पुढे-मागे करीत असतो. प्रत्येक हालचालीला प्रोग्राम हा सारा हिशेब नव्याने मांडतो. यात एखादी नोंद फाटलेली निघाली, की त्याचा हिशेब जुळत नाही आणि तो वही मिटून बाहेर पडतो. दोष त्याचा आहेच. चांगला कारकून ‘येथे नोंद वाचता येत नाही’ असा शेरा मारून पुढे गेला असता. यावर लग्नवाल्यांचा उपाय असा, की काम सुरू करण्याआधी सारे चित्रण अशा स्वरूपात उतरवून घ्यायचे, ज्यात प्रत्येक चित्र पूर्ण लिहिलेले असते. २००७ मध्ये आलेले प्रोरेस हे त्यांपैकी एक. जागा कितीतरी पट लागते. वही मात्र सरळ वाचता येते.

कधी कधी वाटे, की जुन्या लोकांचे बरे होते. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या घरी कच्च्या फिल्मला भोके पाडण्यापासून तुकडे जोडण्यापर्यंतच्या कामात सरस्वतीबाईंचा हात होता, आणि तेव्हा जोडायचे ते खरोखरच जोडायचे. पस्तीस मिलिमीटरच्या एका फुटात सोळा चित्रे. कडा खरवडायची, सिमेंट लावायचे, दाबून धरायचे. दुपारचा चहा घेऊन परत यावे तो आपले काम नाहीसे झालेले आहे, असे त्यांना कधी दिसले नाही. परंतु हे समाधान फार वेळ टिकत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी आज पहिले आणि शेवटचे एवढेच उरले आहे, आणि तेही १९१७ च्या दुसऱ्या आवृत्तीचे असावे असे काही अभ्यासकांचे मत आहे. नायट्रेटवरची फिल्म पेट घेते. २००३ च्या जानेवारीत पुण्यात अशा फिल्म्सच्या साठ्याला आग लागली आणि जे गेले ते गेले. मद्रासपुरते बोलायचे, तर १९९४ च्या कमल हासन यांच्या ‘महानदी’च्या वेळी येथे अॅव्हिडवर, म्हणजे संगणकावर, संकलन झाले, भारतातील अशा प्रारंभीच्या प्रयोगांत त्याची गणना होते. तेव्हापासून कात्री गेली आणि हे पांढरे पडणारे पडदे आले. प्रत्येक पिढीच्या वाट्याला नाशाचा एक प्रकार येतो. आपला प्रकार निदान धूर करीत नाही, इतकेच.

मुद्द्याकडे येतो. चारांवर अडलेला आकडा खाली येईना, तेव्हा मी उपाय करणे थांबविले आणि शोध घेण्याचे ठरविले. उपाय आणि शोध या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दवाखान्यातही आणि कचेरीतही. कच्ची तेरीज जुळत नसे तेव्हा आमचे पहिले साहेब एक गोष्ट शिकवीत. आधी फरकाला नऊने भागून पाहा. भाग गेला तर बहुधा कोणी दोन आकडे उलटसुलट लिहिले आहेत. नाही गेला, तर वही पहिल्या पानापासून तपासत बसू नका. मधोमध उघडा. तेथपर्यंतची बेरीज बरोबर असेल तर चूक पुढच्या अर्ध्यात. नसेल तर मागच्या. मग त्या अर्ध्याचे अर्धे. मग त्याचेही अर्धे. पाचशे पानांत दडलेली एक चूक नऊ वेळा वही उघडून सापडते. हे त्यांनी मला पस्तीस वर्षांपूर्वी सांगितले, आणि ते मला एका चित्रफितीसाठी उपयोगी पडेल, हे त्यांना स्वप्नातही आले नसते.

३१२ तुकड्यांचे मी दोन भाग केले. एक कोऱ्या प्रकल्पात नेऊन चालविला, मग दुसरा. अडचण एवढीच, की हिशेबातली चूक आपण पाहायला गेलो तरी जागेवर असते. हा रोग मात्र वैद्य आला की उतरतो. म्हणून प्रत्येक भाग तीनदा चालवायचा, तीनही वेळा नीट चालला तर निर्दोष समजायचा, असा नियम केला. १५६, मग ७८, मग ३९. पहाटे साडेचार ते सात हा वेळ, मग कचेरी. खालून मुलगा रोज एकदा विचारी, ‘सापडले?’ आणि मी फक्त आकडा सांगे. वीस. दहा. गुरुवारी पाच. शुक्रवारी तीन. शनिवारी पहाटे एकच उरला.

तो नोव्हेंबरातल्या त्या सकाळचा होता. तेरा मिनिटांचा.

तंबीला दाखविला. त्याने तो नवव्या मिनिटापर्यंत नेला, तेथे हिरवे-जांभळे चौकोन उमटले, आणि पडदा पांढरा झाला. बहुधा टिपण चालू असताना फोनची लिहिण्याची क्रिया क्षणभर खंडित झाली असावी, असे तो म्हणाला. मूळ फोन असता तर पाहता आले असते. मग तो सहजपणे, एखादा अनुभवी शल्यवैद्य बोलेल तसा, बोलला: ‘सार, हा तुकडा काढून टाका. बाकीचे ३११ लोण्यासारखे चालतील.’ त्याचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. लग्नाच्या सहा तासांतून तेरा मिनिटे गेली तर मुलीचा बापसुद्धा विचारीत नाही. मी त्याला पूर्वी कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली, की या तेरा मिनिटांसाठीच बाकीचे ३११ आहेत. त्याने माझ्याकडे पाहिले, कॉफी संपविली, आणि खुर्ची पुढे ओढली.

संकलनाच्या प्रोग्रामला तो तुकडा पुन्हा दाखवायचाच नाही, असे त्याने ठरविले. एफएफएमपेग नावाचे एक फुकट मिळणारे साधन आहे. २००० साली फाब्रिस बेलार्ड या फ्रेंच माणसाने ते सुरू केले. त्याला बटणे नाहीत, चित्रे नाहीत; काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायची. परंतु मी वर म्हटलेल्या चांगल्या कारकुनाचा गुण त्याच्यात आहे. नोंद वाचता आली नाही तर तो तक्रार लिहितो आणि पुढची नोंद घेतो. त्या दिवशी काळ्या पडद्यावर तक्रारींच्या दोन-अडीचशे ओळी धो धो वाहत गेल्या, आणि अखेरीस प्रत्येक चित्र पूर्ण लिहिलेला असा नवा तुकडा तयार झाला. प्रोग्रामने तो घेतला. आम्ही तो पाच वेळा चालविला. मग सारे ३१२ चालविले. त्यानंतर चित्रफीत पुरी होईपर्यंत, म्हणजे सात आठवडे, पांढरा पडदा मला फक्त दोनदा दिसला, आणि त्यातला एकदा ईबीचा होता.

मात्र नवव्या मिनिटातला दीड सेकंद आला नाही. तेथे चित्रही नव्हते आणि आवाजही नव्हता. त्या फायलीत दोन्ही एकमेकांत विणलेले असतात, आणि वीणच उसवली होती. आजी सांगत होत्या, की चिंचोके खेळायला मिळू नयेत म्हणून आई ते काढून घेई, म्हणून आम्ही बहिणी ते लपवून ठेवायचो. माजघराच्या भिंतीत, दिवा ठेवायच्या... आणि येथे तो दीड सेकंद. पुढे आवाज परत येतो तो ‘त’ या एका अक्षरावर, आणि मग हसणे.

तंबीने सुचविले, की तेथे मंदिराच्या गोपुराचे एखादे सुंदर दृश्य घालू आणि खाली वीणा सोडू. कोणाला कळणार नाही. तो त्याच्या धंद्याला जागून बोलत होता, आणि लग्नाच्या फितीत मीही मान डोलावली असती. परंतु जुने कागद छापणारे आपले संपादक फाटलेल्या जागी टिंबे देतात. आपल्या मनाने शब्द घालीत नाहीत. मी तेथे आजींचे आधीचे शेवटचे चित्र स्थिर ठेवले आणि दीड सेकंद शांतता राहू दिली.

ऑक्टोबरात एका रविवारी ती चित्रफीत आजींना दाखविली. भिंतीवर पांढरा पडदा बांधला होता. नात दूरवरून फोनवर होती. आजी खुर्चीत टेकून, डावा हात मांडीवर ठेवून, चाळीस मिनिटे स्वतःचे बोलणे ऐकत होत्या. सासरच्या तक्रारी आल्या तेव्हा त्यांनी मुलाकडे असे पाहिले, की त्याने मान खाली घातली. नववे मिनिट आले, शांतता झाली, ‘त’ ऐकू आला, आणि पडद्यावरच्या आजी हसल्या. खुर्चीतल्या हसल्या नाहीत. त्यांनी डावा हात वर केला.

मुलाने फीत थांबवून तेवढाच भाग पुन्हा लावला. ‘माडम?’ त्याने तमिळ शब्द विचारला. आजींनी मान हलविली, नाही. मी म्हणालो, ‘कोनाड्यात?’ नाही. ‘देवळीत?’ त्या थोड्या थांबल्या आणि पुन्हा नाही म्हणाल्या. फोनवरून नातीने विचारले, काय शोधता आहात? आजींनी डाव्या हाताच्या बोटाने हवेत एक लहानशी कमान काढली, आणि कमानीच्या आत, खालच्या बाजूला, बोट दोनदा टेकविले.

मुलाने कुंभकोणमच्या एका वृद्ध आतेबहिणीला फोन केला. तिने दोन शब्द सांगितले. ते त्याने आईपुढे नेले. दोन्हींना तिने मान हलविली. आता तो तंजावरला जाणार आहे. राजवीथीवरचे ते घर राहिलेले नाही, परंतु शेजारचे त्याच बांधणीचे एक अजून उभे आहे, आणि त्याच्या माजघराच्या भिंतीत तसे काही असल्याचे त्याला लहानपणचे आठवते. तेथे राहणाऱ्यांना हल्ली मराठी येत नाही. तरी त्याचे छायाचित्र घेऊन तो येणार आहे, आणि त्या घरातली वडीलधारी माणसे त्या जागेला काय म्हणतात, हेही विचारून येणार आहे.